योद्ध्याचे सोंग आणि श्रद्धेचे प्रश्न

(राहाता येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. विज्ञानकथा, त्यावर बेतलेले सोंगांचे खेळ, त्यांतील धर्मयोद्धे आणि श्रद्धा, हा सगळा मुंबई-पुण्याकडच्या महाविद्यालयीन मुलांचा मामला. त्याचा वीरभद्राच्या राहात्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. कारण या गावाने ज्या देवाला आपला मानला, तो वीरभद्र म्हणजेच आपल्या परंपरेने कल्पिलेला पहिल्या धर्मयोद्ध्यांपैकी एक. तेव्हा प्रारंभ त्याच्यापासूनच करू.

कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला निमंत्रण दिले नाही, सतीने पित्याच्या मंडपात पतीचा अवमान ऐकला आणि देहत्याग केला. शिवांनी आपली जटा आपटली आणि तीतून वीरभद्र प्रकट झाला. त्याने यज्ञाचा विध्वंस केला, दक्षाचे मस्तक उडवले. येथपर्यंतची कथा आपण मोठ्या आवाजात सांगतो. पुढची मात्र घाईने उरकतो, आणि माझ्या मते खरा अर्थ त्या पुढच्या भागातच आहे. देवांनी विनवणी केली, शिव शांत झाले, दक्षाच्या धडावर बोकडाचे शिर बसवून त्याला पुन्हा जीवन दिले गेले आणि मोडलेला यज्ञ पूर्ण करण्यात आला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी योद्धा कल्पिला, तेव्हा त्याच्या क्रोधाचे कारणही कल्पिले आणि त्या क्रोधाचा शेवटही कल्पिला. वीरभद्र कायम यज्ञमंडप जाळत हिंडत नाही. कार्य झाले की तो शिवचरणी लीन होतो. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण पुढे मला जे सांगायचे आहे ते याच सूत्राला धरून आहे.

आता खेळाविषयी. सभागृहात पालकवर्ग मोठा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. आपल्या संस्कृत नाटकात सूत्रधार असतो ना, तसाच. तो एक जग उभे करतो आणि बाकीचे त्या जगातील एकेक पात्र स्वतःकडे घेतात. कोणी वैद्य, कोणी चोर, कोणी पुरोहित, कोणी योद्धा. प्रसंग आला की पात्र काय करील हे खेळाडू ठरवतो, आणि त्याला यश येते की नाही हे फासे ठरवतात. लिहिलेली संहिता नसते. अशा खेळाला पहिले छापील रूप अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी दिले. त्याचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. पुढच्याच वर्षी त्यात 'पॅलेडिन' नावाचे पात्र आले. शार्लमेन राजाच्या दंतकथांतील सरदारांवरून घेतलेला हा धर्मयोद्धा. त्याच्या हाती दैवी सामर्थ्य असे, परंतु एक अट होती. त्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर ते सामर्थ्य त्याच्यापासून निघून जाई. खेळ रचणाऱ्यांनाही कळले होते की, ज्याच्या हाती शस्त्र आणि देवाचे नाव दोन्ही आहेत, त्याला इतरांहून कडक नियम लावला पाहिजे.

अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळाविरुद्ध मोठा गहजब झाला. मुले सैतानाच्या नादी लागतात, आत्महत्या करतात, असे आरोप झाले, संघटना निघाल्या. ते आरोप पुराव्यावर टिकले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडेही एखादी नवी गोष्ट घरात आली की आधी भीती आणि मग चौकशी असा क्रम असतो. तो उलटा असावा. मुलगा फासे टाकतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही. फासे टाकताना तो कोणते जग मनात रचतो, हे मात्र आई-वडिलांना ठाऊक असावे.

विज्ञानकथेने या खेळात लवकरच प्रवेश केला. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'ने खेळाडूंना ताऱ्यांमधल्या प्रवासाला नेले. आणि येथे एक गंमत झाली. विज्ञानाच्या युगात श्रद्धा मागे पडेल असे अनेक विद्वान सांगत होते. पण विज्ञानकथेच्या लेखकांनी भविष्यकाळ रंगवला तेव्हा त्यात मठ आले, प्रेषित आले, धर्मयुद्धे आली. हजारो वर्षांनंतरचा माणूसही कशावर तरी विश्वास ठेवल्यावाचून राहणार नाही, हे त्यांना जाणवले. प्रश्न उरला तो इतकाच की, तो विश्वास कोणाच्या हाती जाईल?

या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणाऱ्या तीन कल्पना सांगतो. पहिली आयझॅक असिमोव्ह यांची 'फाउंडेशन'. १९५१ साली ती पुस्तकरूपाने आली. तीत एका दुर्बळ ग्रहावरचे शास्त्रज्ञ बलाढ्य शेजाऱ्यांना अणुशक्ती देतात, पण धर्माच्या वेष्टनात. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ पुजारी होतो, यंत्रशाळा मंदिर होते आणि शेजारचा राजा आपल्याच प्रजेच्या श्रद्धेपुढे हतबल होतो. दुसरी कल्पना फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या 'ड्यून'ची. वाळवंटी ग्रहावर एका गूढ स्त्रीसंघाने शतकानुशतके आधी खोट्या भविष्यवाण्या पेरून ठेवल्या आहेत. पॉल नावाचा तरुण तेथे येतो, लोक त्याला प्रेषित मानतात, आणि त्याच्या नावाने असे धर्मयुद्ध पेटते की, ते थांबवणे त्याच्याही हाती उरत नाही. हर्बर्ट यांना नायकपूजेचा धोका दाखवायचा होता. पुष्कळ वाचकांनी मात्र पॉलचाच जयजयकार केला. तिसरी कल्पना खेळाचीच आहे. १९८७ साली ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने 'वॉरहॅमर ४०,०००' आणला. त्यातील सम्राटाने हयातभर देवधर्म मोडीत काढला, स्वतःला देव म्हणण्यास बंदी केली. आता तो दहा हजार वर्षे एका सुवर्णसिंहासनावर मृतवत् बसून आहे आणि अवघे साम्राज्य त्यालाच देव मानून त्याच्या नावाने ग्रहच्या ग्रह जाळते आहे. रचनाकारांच्या मनात हा तिखट उपरोध होता. काही खेळाडूंनी तो आदर्श समजला. अखेर २०२१ साली कंपनीला जाहीर निवेदन काढावे लागले की, हे साम्राज्य अनुकरणासाठी नाही, ते उपहासासाठी रचलेले आहे.

बंधू-भगिनींनो, तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. लेखकाने इशारा म्हणून जे लिहिले, ते वाचणाऱ्यांपैकी काहींनी आज्ञा म्हणून घेतले. हे केवळ करमणुकीपुरते राहिले असते तर मी येथे बोलायला उभा राहिलो नसतो. २० मार्च १९९५ रोजी जपानमध्ये ओम् शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. तेरा-चौदा जीव गेले, हजारो जायबंदी झाले. हे कृत्य अडाणी लोकांचे नव्हते. पंथात उत्तम शिकलेले शास्त्रज्ञ, अभियंते, डॉक्टर होते. त्या पंथाचा शोध घेणाऱ्या पत्रकारांनी नोंदवले आहे की, त्यातील प्रमुख शास्त्रज्ञांवर असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'चा प्रभाव होता. जग बुडणार आहे, ज्ञान राखणारे निवडक लोक आपणच, ही कादंबरीतील कल्पना त्यांनी स्वतःवर लावून घेतली. असिमोव्हचा त्यात काडीचा दोष नाही. सोंग अंगावर चढवले आणि ते उतरवण्याचे भान सुटले, की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

याच्या नेमके उलट टोक इंग्लंडमध्ये दिसते. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ३,९०,१२७ लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' असे लिहिले. स्टार वॉर्स या चित्रपटातील प्रकाशाची तलवार चालवणारे ते साधू-योद्धे. बहुतेकांनी थट्टेने लिहिले हे उघड आहे. २०११ साली हा आकडा १,७६,६३२ वर आला. पण थट्टेतही एक रिकामी जागा दिसते. ज्या समाजात वडीलधाऱ्यांनी मुलांना श्रद्धेविषयी काही सांगणे सोडून दिले, तेथे ती जागा चित्रपटाने भरली. जागा रिकामी राहत नाही, हा मुद्दा आहे. एकीकडे श्रद्धेचा विषारी वायू झाला, दुसरीकडे विनोद झाला. आपल्या मुलांसाठी आपल्याला या दोन्हींहून वेगळी वाट हवी आहे.

ती वाट शोधायला फार दूर जावे लागणार नाही. आपल्याच जिल्ह्यात नेवासे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली, ज्ञानेश्वर माउलींनी तेथे ज्ञानेश्वरी सांगितली. परंपरा असे मानते की, मोक्षपट हा खेळही माउलींचाच. पटावर सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, तळाशी जन्म आणि माथ्यावर मोक्ष. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ आपल्या देशी नेला आणि हळूहळू त्यातील पाप-पुण्य गळून केवळ साप आणि शिड्या उरल्या. मोक्षपट हासुद्धा फाशांचा आणि श्रद्धेचाच खेळ आहे. त्यात खेळाडू कोणाशी लढतो? शेजारी बसलेल्याशी नव्हे. तो लढतो स्वतःच्या क्रोधाशी, लोभाशी, असत्याशी. माझ्या मते धर्मयोद्ध्याची ही सर्वांत प्रगल्भ कल्पना आहे, आणि ती सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

सोंग घेण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. पैठणच्या नाथमहाराजांनी भारुडांतून जोशी, गोंधळी, भुत्या, कितीतरी सोंगे उभी केली आणि त्या सोंगांच्या तोंडून दांभिक श्रद्धेला प्रश्न विचारले. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटा चढवलेल्या माणसाला गाव नमस्कार करते, आणि मुखवटा उतरला की तोच माणूस सकाळी शेतावर जातो. त्याला आपण देव झालो असे वाटत नाही, गावालाही वाटत नाही. दिवाळीत आपली मुले माती कालवून किल्ला करतात, अळीव पेरतात, दगडांत मावळे उभे करतात. परदेशात लहान लहान सैनिकांचे जे खेळ हजारो रुपयांना विकले जातात, त्यांचे हे आपले रूप. फरक असा की, आपल्या किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासन असते, पण पायथ्याला शेत असते, विहीर असते, बैलगाडी असते. मुलांना कोणी शिकवलेले नसते, तरी त्यांना कळते की, योद्धा कशासाठी तर त्या शेतासाठी आणि विहिरीसाठी.

ही जाण शिवरायांच्या चरित्रातून आली आहे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेकडून दाणा, वैरण फुकट घेऊ नका, जे लागेल ते बाजारातून विकत घ्या, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवत पेटेल, इतक्या बारकाईने सूचना त्यात आहेत. धर्मरक्षणासाठी उभा राहिलेला राजा गवताच्या गंजीची काळजी वाहतो. आणि खाफीखान हा तर मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांविषयी तो शिव्याशापांनीच लिहितो. पण मोहिमेत मशिदींना, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रियांना धक्का लावायचा नाही, असा शिवाजीचा नियम होता, हे त्यालाही नोंदवावे लागले. शत्रूच्या लेखणीतून उतरलेले प्रमाणपत्र ते हेच. आपल्या तरुणाने उद्या एखाद्या कल्पित ग्रहावरचा धर्मयोद्धा रंगवायचा ठरवले, तर त्याने हे दोन संदर्भ टेबलावर ठेवावेत. शत्रूचा पूज्य ग्रंथ हाती आला तर तुझा योद्धा काय करील? कडबा फुकट मिळत असेल तर तुझा योद्धा पैसे देईल का? खेळाची खरी कसोटी तेथे आहे, तलवारीच्या लांबीत नाही.

त्याहून मागे गेलो तर कुरुक्षेत्र आहे. दोन्ही सैन्ये सज्ज असताना अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले आणि प्रश्न विचारले. अठरा अध्याय विचारले. भगवंतांनी त्याला भित्रा म्हणून हाकलून दिले नाही. उत्तरे दिली, आणि सारे सांगून झाल्यावर नीट विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हटले. निर्णय अर्जुनावर सोपवला. ज्या परंपरेचा श्रेष्ठ योद्धा प्रश्न विचारतो आणि जिचा देव उत्तर दिल्यावरही निवड भक्ताकडे ठेवतो, त्या परंपरेला प्रश्नांची भीती बाळगण्याचे कारण नाही. वॉरहॅमरच्या साम्राज्यात शंका हाच गुन्हा आहे. गीतेत शंका हाच आरंभ आहे.

आता मराठी विज्ञानकथेकडे येतो. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. मोठ्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, एवढीच इच्छा. त्या कथेला पारितोषिक मिळाले. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा विज्ञानलेखकाला हा मान प्रथमच लाभला.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आज मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघाताच्या क्षणी निराळ्या जगात पोचतात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. मराठी मनाला याहून गोड स्वप्न कोणते? दुसरा एखादा लेखक असता तर त्याने पुढची पाने विजययात्रांनी, अटकेपार फडकणाऱ्या झेंड्यांनी भरली असती. नारळीकरांनी काय केले? त्या जगातील विजयी मराठ्यांनी तंत्रयुगाचे महत्त्व ओळखले, विज्ञानाची स्वतःची केंद्रे उभारली, इंग्रजांची मदत घेतली ती स्वावलंबी होण्यापुरती, आणि पुढे राज्य लोकशाहीच्या वाटेने नेले. विजयाचे फळ म्हणून त्यांनी प्रयोगशाळा कल्पिली. आणि त्याच कथेत गंगाधरपंत आझाद मैदानावर अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून सवयीने तिच्यावर जाऊन बसतात. त्या जगातील लोक भाषणांना इतके विटलेले की, त्यांचा अंडी-टोमॅटोंनी सत्कार होतो. आमच्या अध्यक्ष महोदयांनी काळजी करू नये, राहात्याचे श्रोते सहनशील आहेत. (हशा)

विनोद सोडला तर कथेतील मर्म असे आहे. पराभवाची ठसठस असलेल्या समाजाने स्वप्न पाहिले तर त्यात दोष नाही. पण स्वप्नात आपण केवळ सूड घेतला, तर जागे झाल्यावर हाती काही उरत नाही. स्वप्नात आपण काही उभारले, तर जागेपणी त्यातले थोडे तरी करावेसे वाटते. नारळीकर स्वतः पुण्यात आयुकासारखी संस्था उभारून दाखवून गेले. कल्पिलेली प्रयोगशाळा आणि उभारलेली प्रयोगशाळा एकाच माणसाच्या आयुष्यात आली.

आणि उभारणीचाच विषय आला म्हणून सांगतो, २०२४ पासून आपला जिल्हा अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींनी राज्य राखले, प्रसंगी शस्त्रही धरले. पण त्यांचे स्मरण देशभर होते ते घाट, विहिरी, धर्मशाळा आणि काशी विश्वनाथाच्या जीर्णोद्धारामुळे. श्रद्धेच्या रक्षणाचे हेही एक रूप आहे, आणि विज्ञानकथेतल्या धर्मयोद्ध्यांत ते मला अद्याप फारसे आढळलेले नाही. आमच्या मुलांनी ते आणावे. भविष्यकाळातील एखाद्या कोरड्या ग्रहावर उतरलेली अशी एक राणी, जिच्या हाती शंकराची पिंडी आहे आणि जी आधी पाण्याची सोय करते, हे पात्र कोणी खेळले तर मी आनंदाने त्या टेबलाशी बसेन.

आता पालकांना आणि शाखा-मंडळांत तरुणांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना काही सांगतो. मुले असे खेळ खेळत असतील तर बंदी घालू नका, त्यांच्याजवळ बसा. तीन गोष्टी विचारा. तुझ्या योद्ध्याला प्रश्न विचारण्याची मुभा आहे का? नसेल तर तो योद्धा नव्हे, दुसऱ्याच्या हातातले हत्यार आहे. तुझ्या योद्ध्याच्या शत्रूला आई-बाप, घरदार आहे का? समोरच्याला चेहराच नसेल, तर मारण्याची सवय लागते, लढण्याची नाही. आणि खेळ संपल्यावर तुला सोंग उतरवता येते का? उतरवून तू अभ्यासाला, कामाला, दुसऱ्या पक्षाकडून खेळलेल्या मित्राबरोबर चहा प्यायला जातोस का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर निर्धास्त राहा. तो मुलगा बाराखडी शिकावी तसा धर्माधर्माचा विचार शिकतो आहे. एखादे उत्तर नकारार्थी आले तर रागावू नका, गोष्ट सांगा. आपल्याकडे गोष्टींची वाण नाही.

कार्यकर्त्यांना याहून एक पाऊल पुढे जाण्याची विनंती आहे. ही चौकशी आधी स्वतःची करावी. घोषणा देताना, मिरवणुकीत चालताना आपणही एका अर्थाने योद्ध्याची भूमिका घेतलेली असते. त्या भूमिकेला प्रश्न चालतात का, समोरच्याचा चेहरा आपल्याला दिसतो का, आणि घरी परतल्यावर ती उतरते का, हे ज्याने त्याने पाहावे. मुले आपले ऐकण्यापेक्षा आपल्याला पाहतात.

मी कला शाखेचा पदवीधर, वृत्तपत्रात आयुष्य गेलेला माणूस. तारे आणि अणू यांवर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. पण बातम्या लिहिता लिहिता एक गोष्ट पुरती कळली. माणसे हाणामारीवर उतरतात ती बहुधा श्रद्धेमुळे नव्हे; श्रद्धेविषयी कोणी त्यांच्याशी कधी शांतपणे बोललेलेच नसते, म्हणून. ते बोलणे घरात व्हावे, शाळेत व्हावे, खेळातही व्हावे. येत्या यात्रेत मुलांना घेऊन वीरभद्राच्या दर्शनाला जाल, तेव्हा त्यांना दक्षाच्या यज्ञाची गोष्ट अवश्य सांगा. फक्त विध्वंसापाशी थांबू नका. यज्ञ पुन्हा कसा पूर्ण झाला, तेथपर्यंत सांगा.